नशिबाला गुण देऊ नका

स्पोर्ट्स अ‍ॅनालिटिक्सच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमात प्रोजेक्टला गुण कसे द्यावेत, या प्रश्नाला एक सोपे उत्तर वारंवार पुढे केले जाते. विद्यार्थ्याने मॉडेल बांधावे, येणाऱ्या दहा सामन्यांची भाकिते आधीच लिहून द्यावीत आणि जितकी खरी ठरतील तितके गुण त्याच्या पदरात पडावेत. या पद्धतीचे समर्थक म्हणतात की सामन्याचा निकाल कोणाच्या मर्जीवर ठरत नाही. त्यामुळे गाइडशी असलेली ओळख, फाइलचे देखणे बाइंडिंग किंवा बोलण्याची सफाई यांतल्या कशाचाही गुणांवर परिणाम होणार नाही. आपल्याकडे अंतर्गत गुणांविषयी किती अविश्वास आहे, हे ठाऊक असलेल्या कोणालाही हा युक्तिवाद चटकन पटेल. त्यामागचा हेतू प्रामाणिक आहे, हे मी मान्य करतो. तरीही ही पद्धत चुकीची आहे, आणि तिची चूक तपशिलाची नसून मुळातली आहे. खेळातले कौशल्य कोणते आणि योगायोग कोणता हे वेगळे करायला शिकवणे, हे या विषयाचे पहिले काम. त्याच विषयाच्या परीक्षेत आपण योगायोगाला गुण देऊ लागलो, तर वर्षभर वर्गात शिकवलेले गुणपत्रिकेवर खोडून टाकल्यासारखे होईल.

आधी साधा हिशोब मांडू. साठ विद्यार्थ्यांचा वर्ग आहे, आणि दहाही सामन्यांत कोणता संघ जिंकेल हे सांगणे सारखेच अवघड आहे, असे समजा. कोणीही काडीचा अभ्यास केला नाही. प्रत्येकाने नाणे उडवून भाकिते लिहिली. दहा वेळा नाणे उडवले की १,०२४ वेगवेगळे क्रम संभवतात आणि त्यांपैकी ५६ क्रमांत आठ किंवा त्याहून जास्त भाकिते बरोबर येतात. ही शक्यता साधारण साडेपाच टक्के झाली. साठांच्या वर्गात असे सरासरी तीन विद्यार्थी निघतील आणि ते वर्गात पहिले येतील. आता दुसरी बाजू पाहा. एका विद्यार्थिनीने कष्टाने चांगले मॉडेल बांधले आहे आणि अशा अवघड सामन्यांतही ते दीर्घकाळात शंभरांपैकी साठ वेळा बरोबर ठरते. तरीही केवळ दहा सामन्यांत तिची पाच किंवा त्याहून कमी भाकिते बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के आहे. म्हणजे तीनांतून एकापेक्षा जास्त वेळा ती नाणे उडवणाऱ्याच्या सरासरीच्या पुढे जाणार नाही. तिचे ६० टक्के आणि नाण्याचे ५० टक्के यांतला फरक थोड्याफार खात्रीने दिसायला शंभरेक सामने तरी लागतात. २०२५ च्या आयपीएलच्या अख्ख्या हंगामात ७४ सामने होते. सत्राच्या शेवटी दहा सामन्यांवर दिलेला गुण काय मोजतो, हे यावरून स्पष्ट व्हावे. तराजू नेमका असेल, पण त्याच्या पारड्यात विद्यार्थ्याचे काम ठेवलेलेच नाही.

निकालावरून निर्णयाची पारख करू नये, हा धडा या विषयाच्या सर्वांत गाजलेल्या प्रकरणातच आहे. ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या बेसबॉल संघाने २००२ साली कमी पैशांत, आकडेवारीच्या आधारे खेळाडू निवडून १६२ पैकी १०३ सामने जिंकले. त्यांत सलग वीस विजय होते. मायकल लुईस यांच्या २००३ सालच्या ‘मनीबॉल’ या पुस्तकाने ही गोष्ट जगभर नेली. पण त्याच वर्षी बाद फेरीच्या पहिल्याच मालिकेत मिनेसोटाने त्यांना पाच सामन्यांत ३-२ असे हरवले. त्या पाच सामन्यांवरून गुण दिले असते, तर अ‍ॅनालिटिक्सचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग नापास झाला असता. आपल्या आठवणीतले उदाहरण याहून जवळचे आहे. २०२३ च्या विश्वचषकात भारताने सलग दहा सामने जिंकले आणि १९ नोव्हेंबरला अहमदाबादेत अंतिम सामना गमावला. एखाद्या विद्यार्थ्याने त्या सकाळी भारताला ६५ टक्के संधी दिली असती, तर तो चुकला असे म्हणता येईल का? तीनांतून एकदा घडू शकणारी गोष्ट घडली, एवढेच. त्याने ६५ हा आकडा कोठून काढला, कोणत्या सामन्यांचा आधार घेतला, खेळपट्टी आणि दव यांना किती वजन दिले, हे तपासल्याशिवाय त्याच्या कामाविषयी एक शब्दही बोलता येत नाही. निकाल पाहून बोलणे हे चौकातल्या चर्चेत चालते. परीक्षकाला ते शोभत नाही.

अचूकतेच्या समर्थकांनी क्रिकेटमधल्या सर्वांत उपयोगी ठरलेल्या सांख्यिकी कामाकडेही पाहावे. २२ मार्च १९९२ रोजी सिडनीत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला इंग्लंडविरुद्ध १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. पाऊस आला आणि दोन षटके कापली गेली. तेव्हाचा नियम पहिल्या डावातली सर्वांत कमी धावांची षटके वगळत असे, त्यामुळे लक्ष्य फक्त एका धावेने घटले. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा एका चेंडूत २१ धावा करायच्या उरल्या होत्या. असा अन्याय टाळण्यासाठी फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस यांनी जी पद्धत बांधली, ती १ जानेवारी १९९७ रोजी हरारे येथे झिम्बाब्वे-इंग्लंड सामन्यात प्रथम वापरली गेली. उरलेली षटके आणि हातातले गडी ही संघाची दोन साधने आहेत आणि पावसाने ती किती हिरावली हे मोजून लक्ष्य ठरवावे, ही तिची कल्पना. आता हे काम प्रोजेक्ट म्हणून आले असते, तर अचूकतेच्या तक्त्यावर त्याला किती गुण मिळाले असते? शून्य, कारण पावसाने वाहून गेलेली षटके कधी खेळलीच जात नाहीत. पडताळायला ‘खरे उत्तर’ अस्तित्वातच नसते. त्या पद्धतीची कसोटी वेगळी होती. गृहीतक पटण्याजोगे आहे का, जुन्या डावांच्या नोंदींशी ते जुळते का, दोन्ही संघांना समान न्याय मिळतो का, पंच आणि कर्णधार यांना तक्ता हाताळता येतो का, हे प्रश्न तिला विचारले गेले. हेच प्रश्न विद्यार्थ्याच्या कामालाही विचारायला हवेत. ज्या मोजपट्टीवर या क्षेत्रातले इतके महत्त्वाचे काम बसत नाही, ती मोजपट्टी टाकून द्यावी.

जिथे ‘खरे उत्तर’ आहे असे वाटते, तिथेही ते बदलू शकते. बास्केटबॉलमध्ये दोन-तीन शॉट सलग बसले की खेळाडूचा ‘हात गरम’ होतो आणि पुढचाही बसतो, अशी समजूत होती. १९८५ साली थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी आकडे तपासून हा भ्रम असल्याचा निष्कर्ष काढला, आणि तीसेक वर्षे वर्गावर्गांत तोच शिकवला गेला. २०१८ साली जोशुआ मिलर आणि अ‍ॅडम सानहुर्हो यांनी त्या मोजणीतली एक बारीक चूक दाखवून दिली. ती कागदावर कोणालाही पडताळता येते. नाणे तीनदा उडवा. आठ क्रम संभवतात. त्यांपैकी सहांत पहिल्या दोन फेकींत किमान एक छापा येतो. या प्रत्येक क्रमात छाप्यानंतरच्या फेकींपैकी किती फेकी पुन्हा छापा आल्या, ते लिहा. छापा-छापा-छापा यात सर्व, म्हणजे एक. छापा-छापा-काटा यात अर्धे. छापा-काटा-छापा आणि छापा-काटा-काटा यांत शून्य. काटा-छापा-छापा यात एक, काटा-छापा-काटा यात शून्य. बेरीज अडीच, सहाने भागले की सुमारे ४२ टक्के. नाणे अगदी निर्दोष असूनही सरासरी ५० च्या खाली येते. म्हणजे छोट्या मालिका घेऊन अशी सरासरी काढली, तर ‘५० टक्के’ दिसणे हाच हात गरम असल्याचा थोडासा पुरावा ठरतो. निष्कर्ष बरोबर म्हणून गुण द्यायचे, तर १९८५ च्या कामाला आधी पैकीच्या पैकी द्यावे लागले असते आणि नंतर ते काढून घ्यावे लागले असते. पण त्या कामाचे मोल निष्कर्षात नव्हते. प्रश्न नेमका होता आणि मोजणीची रीत उघड मांडली होती, म्हणूनच दुसऱ्यांना तिच्यातली चूक सापडली. इतरांना तपासता येईल असे काम करणे, ही विद्यार्थ्याकडून अपेक्षा ठेवता येते. कायम खरे ठरेल असे उत्तर त्याच्याकडून मागता येत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळण्याजोगा नाही. जिंकणार-हरणार असे न विचारता शक्यता विचारा, आणि ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली हवामानाच्या अंदाजांसाठी सुचवलेल्या मोजणीने गुण द्या, असे काहीजण सुचवतात. त्या मोजणीत सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष निकाल यांतल्या फरकाचा वर्ग घेतात. जितका तो कमी, तितका अंदाज चांगला. ही सूचना आधीच्या पद्धतीपेक्षा नक्कीच चांगली आहे, कारण ती अतिआत्मविश्वासाला दंड करते. पण सामने दहाच राहिले, तर अडचणही तशीच राहते. ज्या सामन्यांत एका संघाची खरी संधी ६० टक्के आहे, तिथे बरोबर ६० सांगणारा आणि काहीच न कळता ५० सांगणारा यांची तुलना करा. दहा सामन्यांनंतर ६० सांगणारा पुढे राहायला त्या संघाने किमान सहा सामने जिंकावे लागतात. तसे न होण्याची शक्यता पुन्हा तीच, ३७ टक्के. मोजणी सुधारल्याने सामने वाढत नाहीत. मग जुन्या शेकडो सामन्यांवर अचूकता तपासा, असे कोणी म्हणेल. ते करायलाच हवे, पण तिथे वेगळा धोका आहे. क्रिकशीटवर चेंडूगणिक नोंदी फुकट मिळतात. त्यांतून टी-ट्वेंटीचा निकाल सांगणारे मॉडेल बांधताना विद्यार्थी प्रत्येक फलंदाजाची हंगामातली सरासरी घेतो, आणि त्या सरासरीत ज्या सामन्याचे भाकीत करायचे तो सामनाही मिसळलेला असतो. पुढे काय झाले हे मॉडेलला आधीच कळलेले असते, म्हणून अचूकता फुगते. तक्त्यात दुसऱ्या डावाची धावसंख्या राहून गेली, तर संगणक नुसती वजाबाकी करतो आणि अचूकता शंभराला टेकते. अचूकतेला गुण देणारा परीक्षक इथे चुकीलाच बक्षीस देतो, आणि ती काळजीपूर्वक टाळणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षा होते.

मग गुण कशाला द्यायचे? आपल्या मातीतल्या खेळाचे उदाहरण घेऊन हे नीट सांगता येईल. कबड्डीत संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. समजा, एका गटाचा विषय आहे: ‘तिसऱ्या चढाईतला सर्वोत्तम चढाईपटू कोण?’ यशाची टक्केवारी काढून, यादी लावून, रंगीत आलेख जोडून हे काम दोन तासांत होते. पण खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. समोर सात बचावपटू असताना केलेली तिसरी चढाई आणि तिघे असतानाची, या एका टोपलीत टाकता येतील का? तिघे किंवा त्याहून कमी उरले की पकडीला जादा गुण मिळतो, त्यामुळे बचावाचे धाडसही बदलते. संघाचा मुख्य चढाईपटू बाहेर बसलेला असेल, तर तिसरी चढाई ज्याच्या वाट्याला येते त्याची तुलना कोणाशी करायची? आघाडीवरचा संघ वेळ काढण्यासाठी मुद्दाम दोन चढाया रिकाम्या घालवतो. ती परिस्थिती आणि पिछाडीवरची परिस्थिती सारखी आहे का? हे प्रश्न ज्या गटाने विचारले, बचावपटूंच्या संख्येनुसार नोंदी वेगळ्या केल्या आणि शेवटी ‘उरलेल्या चढाया इतक्या थोड्या आहेत की पहिल्या पाचांत क्रम लावता येत नाही’ असे लिहिले, त्या गटाला पूर्ण गुण मिळायला हवेत. यादी लावणाऱ्या गटाचा पहिला खेळाडू पुढच्या सामन्यात चमकला, तरी त्याने काही बदलत नाही. खो-खोसारख्या खेळात तर अशा बारीक नोंदी मुळात हाताशीच नसतात. चित्रफीत थांबवत, पुन्हा मागे नेत विद्यार्थ्याने स्वतः नोंदी केल्या, दोघांनी वेगवेगळ्या केलेल्या नोंदी जुळतात का हे पाहिले, तर ते काम कोणत्याही मॉडेलइतकेच गुणांचे धनी आहे.

‘विचाराला गुण’ म्हटले की पक्षपात आला, हा सर्वांत मोठा आक्षेप. विचार बरा की वाईट हे परीक्षकाच्या आवडीवर ठरणार, मग पुन्हा ओळखीपाळखी सुरू होणार, असे विद्यार्थ्यांना वाटते आणि ते निराधार नाही. पण विचाराची पारख हा आवडीचा प्रश्न आहे, हे गृहीतक चुकीचे आहे. अमेरिकन बेसबॉलमधले एक जुने उदाहरण पाहा. १९९५ साली डेरेक जीटरने ४८ पैकी १२ वेळा हिट मिळवली, म्हणजे .२५०, डेव्हिड जस्टिसने ४११ पैकी १०४, म्हणजे .२५३. १९९६ साली जीटरचे ५८२ पैकी १८३, म्हणजे .३१४, जस्टिसचे १४० पैकी ४५, म्हणजे .३२१. दोन्ही वर्षी जस्टिस पुढे. पण दोन वर्षे एकत्र केली की जीटर .३१० आणि जस्टिस .२७०. हे आकडे समोर ठेवून तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला विचारले, तर तो छेदांकडे बघतो की नाही, हे दोन अनोळखी परीक्षकांनाही सारखेच दिसेल. विचार करताना होणाऱ्या चुकांना नावे आहेत आणि त्यांची यादी करता येते. ती यादी, प्रत्येक मुद्द्याला किती गुण यांसह, सत्राच्या पहिल्या आठवड्यात फलकावर लावा. कामावरचे नाव झाकून दोन परीक्षकांकडून वेगवेगळे गुण घ्या. फरक जास्त आला तर तिसऱ्याकडे द्या. पक्षपातावरचा उपाय असा असतो. नशिबाला परीक्षकाच्या खुर्चीत बसवल्याने पक्षपात जात नाही, फक्त त्याची जागा अनियमितता घेते.

वेळेचा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि त्याचे उत्तरही व्यवहाराचेच आहे. साठ विद्यार्थ्यांचे तिघातिघांचे वीस गट होतात. प्रत्येक गटाला वीस मिनिटे दिली, तर सात तासांच्या आत तोंडी परीक्षा आटोपते. दोन दुपारी पुरतात. त्या वीस मिनिटांत प्रत्येकाला एक प्रश्न वेगळा विचारला, की एकाने काम केले आणि दोघांनी नाव लावले हेही कळते. दुसरा आक्षेप नवा आहे: आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अहवाल, कोड आणि आलेख मिनिटांत तयार करून देतात, तेव्हा प्रोजेक्टच बंद करा आणि तीन तासांच्या लेखी पेपराकडे परत या. या भीतीत तथ्य आहे, पण निष्कर्ष उलटा आहे. या साधनांनी स्वस्त झालेली गोष्ट म्हणजे नीटनेटका अहवाल आणि चालणारे मॉडेल, म्हणजे आजवर ज्याला आपण गुण देत होतो तेच. तिसऱ्या चढाया बचावपटूंच्या संख्येनुसार का वेगळ्या केल्या, हे समोर बसून सांगण्याची जबाबदारी मात्र विद्यार्थ्याचीच राहते. लेखी पेपर त्याला सूत्र विचारेल. सूत्र पाठ करता येते. म्हणून साधने जितकी हुशार होतील, तितके गुण अहवालातून काढून तोंडी परीक्षेत आणि स्वतः गोळा केलेल्या नोंदींत टाकायला हवेत.

शेवटचा युक्तिवाद नोकरीचा: संघांना निकाल हवे असतात, मग विद्यापीठाने वेगळे का वागावे? या क्षेत्रातल्या व्यावसायिकांचेच वागणे पाहू. अमेरिकेतली एनएफएल आपल्या ‘बिग डेटा बोल’ स्पर्धेत विद्यार्थ्यांना आणि इतरांना खेळाडूंच्या हालचालींची माहिती देते. या स्पर्धेच्या बहुतेक वर्षी परीक्षक मंडळाने प्रश्नाची उपयुक्तता, पद्धतीचा दर्जा आणि मांडणीची स्पष्टता पाहिली. ज्या वर्षी निव्वळ भाकिताची चुरस ठेवली, तेव्हाही ती दहा सामन्यांच्या निकालांवर न ठेवता आठवड्यामागून आठवडे खेळल्या गेलेल्या एकेका खेळीवर ठेवली होती. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात स्कॉट ब्रुकर यांनी शेमस होगन यांच्या मार्गदर्शनाखाली केलेल्या पीएचडीच्या कामातून ‘वास्प’ हे धावसंख्या आणि विजयाची शक्यता सांगणारे साधन उभे राहिले, आणि २०१२ साली ते तिथल्या टीव्हीच्या पडद्यावर आले. एक सरासरी ताकदीचा संघ दुसऱ्या सरासरी संघाशी खेळतो आहे, हे त्याचे गृहीतक त्याच्या निर्मात्यांनी उघडपणे सांगितले. आपले काम कुठवर खरे आहे हे ज्याला सांगता येते, त्याच्यावर प्रशिक्षक विसंबू शकतो. संघाला असाच माणूस हवा असतो, आणि तो घडवण्याची जागा विद्यापीठ आहे.

म्हणून अभ्यास मंडळांवर बसलेल्या आणि पुढच्या सत्राचा गुणतक्ता आखणाऱ्या प्राध्यापकांना माझे सांगणे आहे. शंभरांपैकी वीस गुण प्रश्न नेमका करण्याला द्या, वीस नोंदी गोळा करून तपासण्याला, पंचवीस पद्धतीला आणि साध्या अंदाजाशी केलेल्या तुलनेला, पंधरा अनिश्चितता प्रामाणिकपणे सांगण्याला आणि वीस तोंडी परीक्षेला. या वाटणीत दोन-चार गुण इकडचे तिकडे झाले तरी हरकत नाही. पण ‘किती भाकिते खरी ठरली’ हा रकाना तक्त्यातून काढून टाका.